इंग्रजी अमदानीतला मातीचा कागद आज कसा वाचायचा?

प्रश्न : आमची जमीन बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर आहे. जुनी ट्रंक आवरताना इंग्रजांच्या काळातला माती पृथक्करणाचा कागद सापडला. त्यात पोटॅश ०.६० टक्के, फॉस्फोरिक अ‍ॅसिड ०.०७ टक्के आणि क्षारांचे पहिला फूट, दुसरा फूट, तिसरा फूट असे वेगवेगळे आकडे आहेत. आमच्या आजच्या जमीन आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या सरकारी कागदात) मात्र पोटॅश हेक्टरी ४२० किलो आलंय. जमिनीतलं पोटॅश संपत आलंय का? आणि त्या काळी माती काढून कशी पाठवत?

उत्तर : पोटॅश संपलेलं नाही, ती काळजी सोडा. हेक्टरभर रानातल्या वरच्या वीतभर थराचं वजन साधारण २२ लाख किलो भरतं. त्याचे ०.६० टक्के म्हणजे १३ हजार किलोच्या वर. हा आकडा आणि ४२० शेजारी ठेवले की पोटात गोळा येणारच. पण दोन्ही वेळा मोजलेली गोष्ट वेगळी आहे. त्या काळी माती जहाल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये तापवून त्यात जेवढं विरघळेल तेवढं सगळं मोजत. खनिजांत अडकून बसलेलं, पिकाला पुढची कित्येक वर्षं न मिळणारं पोटॅशही त्यात धरलं जाई. आज आपण सौम्य द्रावणाने फक्त पिकाच्या तोंडी लागणारा भाग काढतो. स्फुरदाचंही, म्हणजे तुमच्या कागदावरच्या फॉस्फोरिक अ‍ॅसिडचंही, तेच. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद मोजायची आजची ओल्सन पद्धत १९५४ सालची आहे, तेव्हा तुमच्या कागदावर ती असणं शक्यच नाही. म्हणून त्या कागदावरून खताचा डोस अजिबात ठरवू नका.

कागदावर 'जाळल्यावर घटलेलं वजन' असा रकाना असेल तर तो सेंद्रिय पदार्थाचा समजू नका. काळ्या चिकण मातीत बरंच पाणी धरलेलं असतं, तेही जाळताना उडून जातं आणि आकडा फुगतो. एकूण नत्र आणि चुना हे आकडे मात्र बऱ्यापैकी तुलना करण्याजोगे आहेत. त्यासाठी प्रयोगशाळेत 'एकूण नत्र' मुद्दाम मागावं लागेल. पत्रिकेत येतं ते उपलब्ध नत्र.

आता माती कशी काढत ते सांगतो. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीने आपल्या सभासद शेतकऱ्यांना छापून दिलेल्या सूचना आहेत. ६ इंच लांब-रुंद आणि ९ ते १२ इंच खोल अशी लाकडी पेटी करायची. रानात फूटभर चौरस आखून भोवतीने तिरपा चर खणायचा, म्हणजे मधे मातीचा ठोकळा न हलता उभा राहतो. तो पेटीच्या मापाला तासायचा, उघडी पेटी त्यावर पालथी घालून दाबून बसवायची, खालून फावडं सरकवून उचलायची, अलगद उलटवायची आणि झाकण खिळे मारून बंद करून मालगाडीने किंवा पार्सलने रवाना. माती रानात जशी होती तशाच थरांनी रसायनशाळेत पोहोचे. याच सोसायटीचे रसायन सल्लागार जॉन व्होल्कर १८८९ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानची शेती पाहायला आले. १८९३ मध्ये त्यांचा अहवाल निघाला, आणि त्या सुमारास आलेले वॉल्टर लेदर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पुढे बिहारमधल्या पुसा कृषी संशोधन संस्थेचे कृषी रसायनशास्त्रज्ञ झाले.

पेटीच्या पद्धतीची एक बाजू मला फार मोलाची वाटते : थर मोडत नाही. दुसरी बाजू लंगडी आहे. एका खड्ड्यातली माती सगळ्या रानाच्या वतीने बोलू शकत नाही. पाटाच्या डोक्याला आणि शेवटाला एकाच वावरात जमीन बदललेली असते. म्हणून आज आपण नागमोडी चालत १०-१५ ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खड्डा घेतो, त्याच्या कडेची सारख्या जाडीची कापी काढतो, घमेल्यात एकत्र करतो आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलोवर आणतो. खतासाठी हीच पद्धत बरोबर आहे.

पण तुमचं रान कालव्यावर आहे, आणि तिथे वीतभर मातीवर भागत नाही. तुमच्या कागदातला खरा ऐवज आहे तो फुटाफुटाचे क्षार. कालवा आल्यावर नीरा खोऱ्यात जमिनी खारवट होऊ लागल्या, तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून तो १९१० मध्ये छापला. पुढे १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं, आणि दख्खनच्या कालव्यांवरच्या जमिनी उभे खड्डे घेऊन, थर पाहून तपासल्या गेल्या. क्षार खाली मुरलेले असतात, जास्त पाणी आणि अपुरा निचरा यामुळे पाण्याची पातळी वर आली की तेही वर येतात. पांढरा थर दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

तेव्हा असं करा. त्याच वावरात ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन नमुने तीन पिशव्यांत घ्या. खड्ड्याची भिंत ताजी तासून खालच्या थरापासून वर या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. क्षारता, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल ते) आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम) तिन्ही मागा. जुने आकडे वजनाचे टक्के आहेत आणि आजची क्षारता विजेच्या वाहकतेवरून काढतात, तेव्हा आकड्याला आकडा लावू नका, चढ-उतार पाहा. तेव्हा क्षार खालच्या फुटात जास्त आणि आता वरच्या फुटात जास्त असतील, तर खतापेक्षा आधी पाणी निचऱ्याच्या चराचं बघा.

प्रश्न : एप्रिलमध्ये रान भेगाळलेलं असतं. तेव्हा माती घेतली तर चालेल का?

उत्तर : पीक निघाल्यावर, नांगरटीआधी घेणं चांगलंच, फक्त भेगेपासून दूर घ्या. काळ्या रानात भेगेतून वरची भुरभुरीत माती हात-दोन हात खाली गेलेली असते, आणि तीन फुटांवरचा म्हणून काढलेला नमुना प्रत्यक्षात वरचाच निघतो. ओली माती पिशवीत कोंबून ठेवू नका, तिच्यातल्या नत्राचं रूप बदलतं. सावलीत पसरून वाळवा. खताची रिकामी गोणी वापरू नका, कापडी पिशवी घ्या. आतल्या चिठ्ठीवर गट नंबर, थराची खोली, मागचं पीक, पुढचं पीक आणि पाणी विहिरीचं की कालव्याचं हे पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने फुटते. आणि ज्यांच्याकडे असा जुना कागद आहे, त्यांनी त्याची छायाप्रत नमुन्यासोबत आणावी. गट नंबर जुन्या सर्व्हे नंबरशी तलाठ्याकडून जुळवून घेतला, तर त्याच वावरातला खड्डा पुन्हा घेता येईल.