आठवणी लिहायला बसताना

आपल्या घराण्याच्या आठवणी लिहिण्याचा विचार तुम्ही कळवलात. त्याचा आनंद झाला. मात्र पहिल्याच पानावर वंशावळ मांडू नका. मी तसे केले आणि चाळीस पाने लिहूनही त्यांत आजी कुठे सापडली नाही. ती सापडली बाफल्यांत. इंदूरजवळच्या सांवेरकडच्या आमच्या शेतावर ती कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळून घेई, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत खरपूस भाजे आणि फडक्यात धरून, राख झटकून, तुपाच्या पातेल्यात सोडी. त्या फडक्याला तुपाचा आणि धुराचा मिळून जो वास येई, त्यावरच मी पुढे आठ पाने लिहिली.

वडीलधाऱ्यांना सन विचारू नका, ते अंदाजे सांगतात. माळव्यातले इंदूर संस्थान 1948 साली मध्यभारतात विलीन झाले, त्याच्या आधीचे की नंतरचे, असे विचारा. चार आण्यांच्या उल्लेखावरून मात्र काळ ठरवू नका, कारण 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले तरी पंचवीस पैशांना लोक पुढे कितीतरी वर्षे चार आणेच म्हणत राहिले.

वडिलांच्या गिरणीतल्या नोकरीविषयी लिहिताना पगाराच्या आकड्यापेक्षा भोंगा वाजल्यावर घरात कोणाची धावपळ होई, ते आधी लिहा. आणि घरात माळवी शब्द मिसळून जे मराठी बोलले जाई, ते पुणेरी करत बसू नका. माझ्या धाकट्या काकूंनी तसे केलेले हस्तलिखित वाचून आत्याबाईंनी विचारले होते, ‘ही कोणाची आई?’