वावर एक, माती तीन. मग खत एकसारखं कसं?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): माझं ९ एकर कोरडवाहू वावर टेकडीखालच्या बरडापासून (हलकी, मुरमाड जमीन) थेट नाल्यापर्यंत उतरतं. वरचं सोयाबीन खुजं राहिलं, खालचं पिवळं पडलं. मृदा आरोग्य कार्डावर सगळ्या वावराला एकच आकडे आहेत. कृषी केंद्रवाले सांगतात, एकरी आणखी १ बॅग डीएपी खत फेका, वरून झिंक मारा. काय करू?

उत्तर: डीएपीची बॅग दुकानातच राहू द्या. पेरणीला एकरी १ बॅग दिली असेल तर २३ किलो स्फुरद (फॉस्फरस) पडलंच आहे. उभ्या पिकात फेकलेलं स्फुरद मुळाशी पोचत नाही, वरच्या थरातच बसतं. उलट स्फुरद जास्त झालं की पिकाला जस्त (म्हणजेच झिंक) मिळेनासं होतं. म्हणजे आधी डीएपी विकायचं, मग त्यावरचा उतारा म्हणून झिंक! दुकानदाराच्या सांगण्यावरून उभ्या पिकात डीएपी फेकू नका.

खालच्या पिकाची शेंड्याची पानं बघा. पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. ठिगळासारखे पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो मोझॅक रोग, ती झाडं उपटा. नाल्याकाठच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण पाणी साचलं की पिकाला उचलता येत नाही. म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर काढा. मग १० लिटर पाण्याला फेरस सल्फेट ५० ग्रॅम आणि कळीचा चुना २५ ग्रॅम घेऊन फवारा. चुना रात्री भिजवून त्याची निवळीच घ्या. ५० म्हणजे ५०. 'जरा कडक' म्हणून १०० घातलं की पानं करपतात, दरवर्षी कुणाची तरी करपतातच. यात कीटकनाशकही मिसळू नका.

वरच्या बरडात खुरपं घालून बघा, वीतभरावर मुरूम खणखणेल. तिथली माती वर्षानुवर्षं वाहून तुमच्याच खालच्या वावरात आली आहे. तिथे खत दुप्पट केलं तर ते नाल्याला जाईल. बरडाला शेणखत हवं. पण मी बघतो, चढावर बैल दमतात म्हणून बंडी (बैलगाडी) खालीच रिकामी होते आणि ज्या काळीला गरज कमी तिलाच सगळं मिळतं. येत्या उन्हाळ्यात पहिली बंडी बरडावर न्या, दुसरीही बरडावरच. आणि पेरणी उताराला आडवी. धुरा (बांध) उभा आहे, उभं पेरलं की तास लांब पडतात, ही कारणं सांगू नका.

कार्डाचं म्हणाल तर २०१५-१९ मध्ये कोरडवाहूत १० हेक्टरच्या चौकटीला एक नमुना घ्यायचे. त्यात बरडही आलं, नालाही आला. तुमचे नमुने तुम्हीच वेगळे काढा: बरड, मधला उतार, नाल्याकाठ. प्रत्येकात ८-१० जागी २० सेंटीमीटर खोल खड्डा, माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवा आणि सावलीत वाळवा. तिन्ही पिशव्या एकमेकींत मिसळू नका. आत्ता काढू नका, खत देऊन तीन महिने व्हायचेत, एप्रिल-मे बरा. उकिरड्याजवळची, झाडाखालची माती नको.

खालच्या नमुन्याचा सामू (पीएच) ८.५ च्या वर आला तर जमीन सुधारायला म्हणून कुणीतरी जिप्समचा ट्रक घेऊन येईलच. चर नसताना जिप्सम टाकू नका, आणि किती टाकायचं ते प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरवा, ट्रकवाल्याला विचारून नव्हे.