कपाटावरचा बटणांचा डबा

वाचक लिहितात :

«मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मुलगा नऊ महिन्यांचा. दहावीला मी गणितात दोनदा नापास झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. मुलीचे तसे होऊ नये म्हणून गड्ड्याच्या जत्रेतून अंकांचा तक्ता आणला, चित्रांची कार्डे घेतली, मोबाईलवर ॲपही घेतले. माझ्यासारखी ढ राहू नकोस, असे तिला रोज समजावते. ती पन्नासपर्यंत अंक घडाघडा म्हणते, पण चार चमचे आण म्हटले की मूठभर घेऊन येते. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा क्लासला जातो आणि बेरजा करतो. आमचे मिस्टर म्हणतात, ही आईवर गेली. तिला आत्ताच क्लासला घालावे का? बाळालाही काही शिकवता येईल का?

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. शाळांच्या गणवेशांचा हंगाम असल्याने घरी काज-बटणाचे काम चालू आहे. या खेपेला सत्तर शर्टांना चार ग्रोस बटणे मिळाली, सोळा उरायला हवी होती, चारच उरली, त्यावरून ठेकेदाराशी बोलाचाली झाली. मुलगी बटणांत हात घालते म्हणून डबा कपाटावर ठेवावा लागतो आणि सारखे उठावे लागते.»

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या क्षमा मागणाऱ्या शेवटच्या ओळींवर थांबले. एक ग्रोस म्हणजे बारा डझन, म्हणजे १४४ बटणे; चार ग्रोस म्हणजे ५७६. पुढची सात आणि खिशाचे एक अशी शर्टाला आठ बटणे धरली, तर सत्तर शर्टांना ५६० लागतात आणि उरतात बरोबर सोळा. मला हे पडताळून पाहण्यासाठी कागद घ्यावा लागला. तुम्ही मात्र ते जाता जाता लिहून टाकले, जणू त्यात सांगण्यासारखे काहीच नाही, आणि त्याच्याच वर चार ओळींत स्वतःला ढ म्हणवून घेतले. बाई, तुमच्यावर मला मनापासून राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तुम्ही नापास झालात त्याचा हा राग नाही. परीक्षेला बसलेल्या मुलीला तीन तासांत काय जमले नाही, यावरून तिला आयुष्यभराचे नाव ठेवण्याची आपल्याकडची रीत जुनीच आहे. राग याचा आहे की ते नाव तुम्ही आता स्वतःच्या तोंडाने रोज मुलीला ऐकवता. साडेतीन वर्षांच्या मुलीला ढ म्हणजे काय ते कळत नाही. पण अंकांचा तक्ता समोर आला की आईचा आवाज बदलतो, कपाळाला आठी पडते, एवढे तिला नक्की कळते. शिकागोच्या संशोधकांनी २०१५ साली पहिली-दुसरीतल्या मुलांचा वर्षभर पाठपुरावा करून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. ज्या पालकांना गणिताची धास्ती होती आणि जे मुलांच्या गृहपाठाला वारंवार बसत होते, त्यांची मुले त्या वर्षात गणित कमी शिकली आणि स्वतःही गणिताला अधिक घाबरू लागली. तशीच धास्ती असलेले पण गृहपाठात फारसा हात न घालणारे जे पालक होते, त्यांच्या मुलांत मात्र हा परिणाम दिसला नाही. तुमची मुलगी त्या मुलांहून लहान आहे, पण मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे : कार्डे हातात घेऊन तुम्ही तिच्यासमोर बसता तेव्हा तुमची दहावी तुमच्याबरोबर बसलेली असते. बटणांच्या डब्यापाशी ती दहावी नसते. तिथे तुम्ही ठेकेदाराची बारा बटणांची तूट पकडता. आणि नेमका तोच डबा तुम्ही मुलीच्या हाताला लागू नये म्हणून कपाटावर चढवून ठेवला आहे.

आता चमच्यांचे पाहू. मूठभर चमचे आणणारी मुलगी मंद नाही, ती साडेतीन वर्षांची आहे. पन्नासपर्यंत अंक म्हणणे आणि मोजणे यांत तेवढेच अंतर आहे जेवढे आरती पाठ असण्यात आणि तिचा अर्थ कळण्यात. मोजता येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : अंकांचा क्रम ठरलेला असतो, प्रत्येक वस्तूला एकच अंक मिळतो, आणि शेवटी उच्चारलेला अंक हा त्या सगळ्या वस्तूंचा मिळून असतो. पहिली गोष्ट तिला आली आहे. तिसरी सर्वांत अवघड असते आणि बहुतेक मुलांना ती चौथ्या वर्षाच्या आसपास उमगते, काहींना त्यानंतरही. तिच्यापुढे पाच बटणे ठेवा, मोजायला सांगा आणि मग विचारा, «मग किती आहेत?» ती पुन्हा एकपासून मोजायला लागली, तर समजा की ‘किती’ हा प्रश्न तिच्यासाठी अजून ‘म्हणून दाखव’ एवढाच आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही आणि पन्नासाचे शंभर केल्याने ते सुटणारही नाही.

दुसरी गोष्ट, म्हणजे वस्तूला अंक जोडण्याची, तुमच्या मांडीवर दिवसभर पडलेली असते. एका काजाला एक बटण. शर्ट पसरा आणि तिला प्रत्येक काजावर एक बटण ठेवू द्या. एक काज उघडे राहिले तर ते तिला तुमच्या आधी दिसेल आणि बटण उरले तर ती ते तुमच्यासमोर धरेल. इथे चूक आईने काढायची नसते, शर्टच ती दाखवतो, म्हणून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. खिशाचे बटण लहान असेल तर ते वेगळे काढायला लावा, दोन भोकांची एका वाटीत आणि चार भोकांची दुसऱ्या वाटीत टाकायला सांगा. ‘कोणत्या वाटीत जास्त?’ हा प्रश्न मोजण्याआधी डोळ्यांनी सोडवता येतो आणि तेही गणितच आहे. बोलताना आधी संख्या सांगा, मग मोजा : «ही तीन बटणे. एक, दोन, तीन. तीन.» दोन आणि तीन पक्के झाल्याशिवाय चारकडे जाऊ नका. ‘मला तीन दे’ म्हटल्यावर तिने मूठ पुढे केली तर ती मूठ घ्या, दोघी मिळून मोजा, जादाची परत डब्यात टाका आणि कामाला लागा. हात रिकामा असेल तेव्हा दोन बटणे वाटीखाली झाका, तिच्या देखत आणखी एक आत सरकवा आणि आता आत किती असतील ते विचारा. वाटी उचलण्याआधीचा तिचा चेहरा बघण्यासाठी मी तुमच्या घरी यायला तयार आहे.

आणि अंक दहापर्यंत पुरेत. आपल्या भाषेत दहाच्या पुढचा जवळजवळ प्रत्येक अंक वेगळा पाठ करावा लागतो, त्यात एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी हे लहान मुलांना कसे कळावे? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्याची पद्धत आली, तेव्हा केवढी टिंगल झाली ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण शांतपणे मांडली होती. ‘वीस एक’ आवडो न आवडो, दुसरीतली मुले जिथे अडखळतात तिथून तुम्ही साडेतीन वर्षांच्या मुलीला धावायला लावले आहे. तिने एकोणपन्नास म्हटल्याचा आनंद शेजाऱ्यांना होतो, तिला नाही.

तेव्हा क्लास नको. शेजारचा मुलगा बेरजा करत असेल तर करू द्या. त्याच्या आईने मला पत्र लिहिलेले नाही. तुमच्या यजमानांचे वाक्य मात्र खरे ठरले तर मला आनंदच होईल.

बाळाला काही शिकवू नका. कॅरन विन या संशोधिकेने १९९२ साली दाखवले की पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक बाहुली ठेवून पडदा ओढला आणि त्यांच्या देखत पडद्यामागे दुसरी नेली, तर पडदा दूर झाल्यावर दोनऐवजी एकच बाहुली दिसल्यास ती जास्त वेळ टक लावून पाहतात. म्हणजे दोघांतला एक कमी झाल्याचे तुमच्या मुलालाही जाणवत असणार. त्याला एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या वाट्या द्या, भरवताना एक घास चिऊचा आणि एक काऊचा म्हणा, जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजा, एवढे पुष्कळ झाले. बटण मात्र त्याच्या हाती एकही लागता कामा नये. नऊ महिन्यांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते आणि बटण घशात अडकायला क्षण पुरतो. डबा कपाटावर राहण्याचे तेवढे एक खरे कारण आहे. म्हणून तो खाली येईल तो बाळ झोपलेले असताना, आणि वर जाईल तो तुम्ही दोघींनी जमीन हाताने चाचपून पाहिल्यावर. मुलगीही अजून बटण तोंडात घालत असेल तर तिची सवय जाईपर्यंत हेच सारे पळीत न मावणाऱ्या मोठ्या शिंपल्यांनी नाहीतर बांगड्यांनी करा.

आज दुपारी बाळ झोपले की डबा खाली काढा आणि त्याच्या जागी कार्डे ठेवा. मुलीला तुमच्या शेजारी बसवा, पुढ्यात एक पांढरा शर्ट द्या आणि तुमचे काम चालू ठेवा. कामाचा वेग मंदावेल, दिवसाला पाचसहा शर्ट कमी होतील, ते होऊ द्या. क्लासची फी त्याहून जास्त असते.

राहिला ठेकेदार. एखाददुसरे बटण फुटके निघते, हे मान्य. पण सोळातून चार गेली की बारा राहतात, आणि बारा म्हणजे अख्खा डझन. तुम्ही बोलाचाली करून परत आलात, डझन मिळाला की नाही ते लिहिलेच नाही. तो मागायला जाल तेव्हा मुलीला बरोबर घेऊन जा. त्याच्यासमोर बटणे मोठ्याने मोजून घ्या, आणि पहिली तीन तिला मोजू द्या.