वृद्धाश्रमात औषधं कुलपात ठेवतात, एवढं पुरेसं आहे का?

वडिलांना इन्सुलिन आणि रात्री झोपेची गोळी चालू आहे, आणि "औषधं कुलपात असतात" एवढंच संस्थेनं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. मी अशाच एका केंद्रात सिस्टर आहे. कुलूप हवंच, पण चावी कुणाकडे असते ते आधी विचारा. ड्यूटीवरच्या सिस्टरच्या खिशात असेल तर ठीक. खिळ्याला लटकत असेल तर कुलूप असून नसल्यासारखं.

झोपेच्या गोळीची जास्त काळजी घ्या. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, दुखण्यावरचं ट्रामाडोल ही शेड्यूल एच१ मधली औषधं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीतली. ती विकली की केमिस्टला वेगळ्या रजिस्टरात नोंद करावी लागते आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. गोळी आश्रमात आली की हिशेब आमच्याकडे. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी, दोघी मिळून गोळ्या मोजतो आणि वहीत सह्या करतो. ही वही बघायला मागा. अशी वहीच नसेल तर तिथं वडिलांना ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग फ्रिज उघडून बघा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. दारात, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेलं असेल तर ते चूक, कारण दाराची दिवसभर उघडझाप चालते. फ्रीझरला चिकटून गोठलं, तर वितळल्यावरही फेकूनच द्यायचं. वापरातली बाटली साधारण २८ दिवस चालते, म्हणून तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली हवी.

पट्ट्या कापून डबीत भरलेल्या दिसल्या तर जरूर हटका. कापताना नाव आणि एक्स्पायरी निघून जाते, आणि पांढऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

सगळंच कुलपात नको, हेही सांगते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, दम्याचा पंप हे क्षणात हाती लागलं पाहिजे. मात्र खोलीत विस्मरणाचे आजोबा असतील तर उशाशी ठेवू नका, ते खाऊन टाकतात. अशा वेळी सिस्टरच्या टेबलाशी ठेवायला सांगा, आणि रात्रपाळीला तिथं कोण बसतं तेही विचारा.

दाखल करताना औषधं मूळ पट्टीतच द्या, सोबत डॉक्टरांची ताजी चिठ्ठी. किती गोळ्या दिल्या ते लिहून समोरच्याची सही घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.