वाचकांचे प्रश्न : सेंटरवरचा खेळ मध्येच का अडकतो?

प्रश्न : सुटीत आम्ही आठ मित्र गेमिंग सेंटरवर काउंटर-स्ट्राइक १.६ खेळतो. नेट बंद असलं तरी खेळता येतं, असं मालक म्हणतात. पण दोन पीसींवर सर्व्हर दिसतच नाही. (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : मालकांचं बरोबर आहे. आठही पीसी एका नेटवर्क स्विचला (पीसी एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला) केबलने जोडलेले असले की हा खेळ नेटशिवाय चालतो, आणि चांगला चालतो. सहा जणांना सर्व्हर, म्हणजे ज्या पीसीवर खेळ सुरू केलाय तो, दिसतोय म्हणजे तो आणि स्विच दोन्ही ठीक आहेत. दोष त्या दोन पीसींतच शोधा.

आधी स्विचवर त्यांच्या केबलचा दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर केबल बदला, नाहीतर टोकाचा कनेक्टर नव्याने बसवून (क्रिम्प करून) घ्या. दिवा लागत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ipconfig' टाकून पीसीचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता पाहा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे पीसीला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही. बाकीच्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर या दोघांनाही त्यातलाच मोकळा पत्ता हाताने द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. एकाच हार्डडिस्कची नक्कल करून सगळे पीसी तयार केले असतील तर दोघांना एकच पत्ता पडलेला असू शकतो. तेही तपासा.

पत्ता बरोबर असूनही दिसत नसेल तर त्या पीसीच्या फायरवॉलमध्ये गेमला 'प्रायव्हेट' नेटवर्कसाठी परवानगी द्या आणि नेटवर्कही 'प्रायव्हेट' करा. पहिल्यांदा आलेल्या सूचनेवर कुणी 'कॅन्सल' दाबलं की अडवणूक कायम राहते. यादीत सर्व्हरचं नाव येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. ऑप्शन्स, कीबोर्ड, ॲडव्हान्स्ड इथून डेव्हलपर कन्सोल सुरू करा आणि 'connect' लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता टाका. गेमची आवृत्ती मात्र सगळ्यांकडे एकच हवी. आणि सर्व्हर सर्वांत दमदार पीसीवर ठेवा, कारण तो दमला की आठही जणांचा खेळ अडखळतो.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी खेळ रंगात आला की पीसी आपोआप बंद पडतो. बिघाड कुठे असेल? (एक सेंटरचालक, जि. वाशीम)

उत्तर : बंद कसा पडतो ते नीट पाहा. आधी पंखा घोंगावतो, चित्र अडकायला लागतं आणि मग पीसी बंद होतो, असं असेल तर ते तापणं आहे. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, हीटसिंकमधला (प्रोसेसरवरच्या धातूच्या जाळीतला) फुफाटा ब्लोअरने काढा, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला. कूलरची हवा खोलीत खेळू द्या, पण सरळ कॅबिनेटवर सोडू नका. तिच्यासोबत येणारे पाण्याचे तुषार मदरबोर्डचं नुकसान करतात.

काही इशारा न देता झटक्यात बंद पडत असेल तर यूपीएसकडे पाहा. स्वस्त ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. ग्राफिक्स कार्ड जोरात चालू झालं की पीसी आणि मॉनिटर मिळून तेवढं खेचू शकतात. म्हणून एका यूपीएसवर एकच पीसी ठेवा.

प्रश्न : बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ चौघे एकाच बाकावर बसून खेळतो, तरी लॅग येतोच, म्हणजे खेळ मागे पडतो. (एक वाचक, आर्णी)

उत्तर : हा खेळ कंपनीच्या सर्व्हरवरून चालतो, त्यामुळे शेजारी बसल्याने फरक पडत नाही. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या, राउटर त्याच खोलीत ठेवा, आणि सेंटरवर कुणाचं डाउनलोड सुरू असेल तर ते आधी थांबवायला सांगा.