तारखेआधी खेळाडू बघ

पॅसिफिक बेटांची रग्बी लीग स्पर्धा भरवायची तर मैदान शोधण्याआधी खेळाडू कधी मोकळे होतात ते बघ. टोंगा, सामोआचे बहुतेक मोठे खेळाडू ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या व्यावसायिक रग्बी लीगमध्ये असतात. तिचा अंतिम सामना ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतो, म्हणून तुझी स्पर्धा त्यानंतरच ठेव. टोंगात रविवारी सामन्याचा विचारही नको, तो दिवस तिथल्या राज्यघटनेनेच पवित्र मानलाय. सामोआहून कुक बेटांवर संघ न्यायचा तर मध्ये दिनांकरेषा लागते आणि कॅलेंडर एक दिवस मागे जातं! तेव्हा विमान, हॉटेल सगळं त्या-त्या बेटाच्या तारखेने लिहून ठेव. टोंगाचा एक तरी सामना ऑकलंडला घेच. २०१९ मध्ये तिथेच त्यांनी ऑस्ट्रेलियाला १६-१२ असं हरवलं होतं. आणि सिपी ताऊला, म्हणजे टोंगाच्या संघाच्या सामन्याआधीच्या युद्धनृत्याला, पुरेसा वेळ दे, प्रक्षेपणवाले कितीही घाई करोत.