मंडळीने की मंडळींनी?

प्रश्न असा आला आहे: नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चच्या नाताळाची बातमी होती, ‘मंडळीने सकाळी उपासना केली व गीते सादर केली.’ इथे ‘मंडळींनी’ नको का? आणि चर्चमधल्या कार्यक्रमाला ‘उपासना’ कसं म्हणायचं?

‘मंडळीने’ अगदी बरोबर आहे. एरवी आपण ‘मंडळी जेवायला बसली’ म्हणतो, पण प्रत्यय लागला की ‘मंडळींना वाढा’, ‘पाहुणेमंडळींनी’ असं अनेकवचन होतं, कारण डोळ्यांपुढे माणसं असतात. मराठी ख्रिस्ती बोलण्यात, विशेषतः प्रॉटेस्टंटांत, मंडळी म्हणजे एका ठिकाणच्या श्रद्धावंतांचा मिळून एक घटक. म्हणून मंडळीला, मंडळीचे पाळक (म्हणजे धर्मोपदेशक), ‘मंडळीने उभे राहावे’. खरी खूण पुढे आहे: हिचं अनेकवचन ‘मंडळ्या’ होतं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आशियातल्या ‘सात मंडळ्या’ भेटतात. लग्नघरात कुणी ‘दोन मंडळ्या आल्या’ म्हणून बघा! (‘आमच्या मंडळी माहेरी गेल्यात’ यातली मंडळी तिसरीच, तिचा इथे संबंध नाही.) इमारतीला मात्र चर्चच म्हणतात. चर्च रंगवतात, मंडळी वाढते. आणि पंधरा घरांच्या मंडळीला स्वतःचं चर्च नसूही शकतं.

आता उपासना. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणे. गणेशाची, शक्तीची उपासना आपल्या कानांना सवयीची, पण ती बहुधा एकट्याची आणि दीर्घकाळची. १८६७ साली मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजानेही आपल्या सामुदायिक प्रार्थनेला हाच शब्द वापरला. चर्चमध्ये तर उपासनेला चक्क वेळ असते: ‘नाताळची उपासना कितीला?’ ‘साडेनऊला.’ त्यात गीतं, प्रार्थना, शास्त्रवाचन, संदेश, अर्पण आणि शेवटी आशीर्वाद, असं सगळं आलं. यातल्या एकाच भागाला उपासना म्हणत नाहीत.

हीच बातमी वसईची असती तर शब्द बदलले असते. तिथल्या कॅथलिकांत मंडळीच्या जागी धर्मग्राम, पाळकांच्या जागी धर्मगुरू आणि उपासनेच्या जागी मध्यरात्रीची मिस्सा. मिस्सा आणि नाताळ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. मिस्सा मुळात लॅटिन. विधीच्या शेवटी लोकांना निरोप देण्याच्या वाक्यातला. गंमत म्हणजे ‘ख्रिसमस’मधला ‘मस’ही तोच. तेव्हा मिस्सा न म्हणणारा प्रॉटेस्टंट ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणताना ती म्हणूनच जातो.

मला खटकतं ते ‘गीते सादर केली’. सादर करायला समोर प्रेक्षक लागतात. तरुण संघाने बसवलेलं एखादं खास गीत सादर होतं, ठीक. पण लहान मंडळीत पेटी-तबल्यावर, झांजांच्या साथीनं गातात ते सगळे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती भजनं-अभंग रचले, तेही असेच सगळ्यांनी मिळून म्हणायला. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची गीतं आजही गातात. तेव्हा वाक्य दुरुस्तच करायचं, तर ‘मंडळीने गीते गायली’ एवढं करावं. ‘मंडळीने’ला हात लावू नये.